जुने दुचाकी पार्ट पोस्टाने परदेशी पाठवताना: बदललेल्या कस्टम नियमांत काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात बसून तुम्ही जुन्या येझदी, बुलेट आणि लॅम्ब्रेटाचे पार्ट जमवता, साफ करता आणि परदेशातल्या हौशी लोकांना विकता. इतकी वर्षं खोकं बांधायचं, पोस्टात कस्टमची हिरवी चिठ्ठी भरायची आणि ट्रॅकिंग नंबर गिऱ्हाइकाला कळवायचा, एवढ्यावर भागत होतं. आता अमेरिकेला पाठवलेला कार्ब्युरेटर परत आला. जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडे दारात कर मागितला, म्हणून त्याने पार्सलच नाकारलं. आणि इंग्लंडचा एक जण म्हणतोय, ‘गिफ्ट लिहून पाठवा’. नेमकं काय बदललं, आणि पोस्टाने हा धंदा पुढे चालेल का?

चालेल. मी स्वतः पुण्यातून हेच काम करतो आणि पोस्ट सोडलेलं नाही. पण कामाचा क्रम बदलावा लागतो. पूर्वी आपण आधी पाठवायचो आणि कस्टमचं पुढे बघायचो. आता पार्सल विमानात चढायच्या आधी त्याची माहिती तिकडच्या कस्टमच्या संगणकात पोचलेली असते. वस्तू काय, कशाची, किती किमतीची, कुठे बनलेली आणि कर कोण भरणार, हे सगळं त्या माहितीवरून ठरतं. खोकं उघडून बघण्याची वेळ येते तेव्हा निम्मा निर्णय झालेला असतो. म्हणून पार्ट घासायला जेवढा वेळ देता, तेवढाच त्याच्या कागदाला द्या.

आधी अमेरिका, कारण सगळ्यात मोठा धक्का तिथूनच बसला. तिथे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय आत जायचं. ही मर्यादा २०१६ मध्ये २०० वरून ८०० वर नेली होती, आणि आपल्यासारख्यांचा सगळा व्यवहार तिच्यात बसायचा. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सर्व देशांसाठी बंद झाली. ड्युटी कोण गोळा करणार आणि कशी भरणार हेच स्पष्ट नव्हतं, त्यामुळे विमान कंपन्या माल घेईनात. भारतीय डाक खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. १५ ऑक्टोबर २०२५ ला सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने: ड्युटी पाठवणाऱ्याने इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची. त्या वेळी भारतातून जाणाऱ्या टपालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के असा सरसकट दर होता. म्हणजे ६० डॉलरच्या कार्ब्युरेटरवर ३० डॉलर. पण एक गोष्ट आपल्या बाजूची होती. कुरियरने गेलेल्या मालावर वस्तूनुसार जी मूळ ड्युटी वर लागते, ती टपालावर लावलेली नव्हती.

हा दर पाठ करून ठेवू नका. तो राजकीय निर्णयावर हलतो, आणि गिऱ्हाइकाला भाव सांगितल्यापासून पार्सल बुक होईपर्यंतही बदलू शकतो. मी अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला पार्टची किंमत, टपालखर्च आणि ड्युटी असे तीन आकडे वेगळे लिहून देतो, आणि ड्युटीपुढे ‘बुकिंगच्या दिवशीच्या दराने’ असं लिहितो. फरक पडला तर तो कोणी सोसायचा हेही तेव्हाच ठरवून घेतो. जुन्या गाड्यांची हौस असलेली माणसं याला नाही म्हणत नाहीत. त्यांना चीड येते ती अर्ध्या वाटेत नवा आकडा समोर आला की.

अमेरिकेच्या बाबतीत उगम देशाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ड्युटीचा दर ठरतो तो वस्तू कुठे बनली यावर. ती गेली पन्नास वर्षं कुठल्या माळ्यावर पडली होती याला महत्त्व नाही. आपल्या मालात हा प्रश्न पावलोपावली येतो. लॅम्ब्रेटाचाच पार्ट घ्या. तो मिलानच्या इन्नोचेंटी कारखान्यातला असू शकतो, मुंबईच्या एपीआयचा (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) असू शकतो, किंवा इन्नोचेंटीची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या स्कूटर्स इंडियाचा असू शकतो. बुलेटचा पार्ट इंग्लंडमधल्या रेडिचचा असेल किंवा मद्रासचा. लुकासचं नाव दिसलं म्हणून तो माल बर्मिंगहॅमचा ठरत नाही, कारण लुकास-टीव्हीएस १९६१ पासून मद्रासमध्ये इलेक्ट्रिकल बनवतेय. ओतकामावरचा शिक्का, पार्ट नंबर आणि ‘मेड इन’ची ओळ यांचे जवळून फोटो काढून ठेवा. शिक्का इटलीचा असेल तर उगम इटली लिहा आणि फोटो कागदासोबत ठेवा. शिक्का घासून गेला असेल आणि सिद्ध करता येत नसेल, तर दर कमी पडावा म्हणून दुसऱ्या देशाचं नाव घालू नका. जे दाखवता येतं तेच लिहा.

युरोपियन युनियनचा प्रश्न वेगळा आहे. तिथे २२ युरोपर्यंतच्या पार्सलला व्हॅट नव्हता. ती सूट १ जुलै २०२१ ला गेली आणि तेव्हापासून अगदी पाच युरोच्या वॉशरच्या पाकिटावरही व्हॅट लागतो: जर्मनीत १९ टक्के, फ्रान्समध्ये २०, इटलीत २२. १५० युरोपर्यंत कस्टम ड्युटी मात्र नव्हती. तीही सवलत काढायचा निर्णय झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सदस्य देशांनी ठरवलं की १ जुलै २०२६ पासून लहान पार्सलमधल्या मालावर ठोक ३ युरो ड्युटी लावायची, आणि ती मालाच्या प्रकारागणिक. म्हणजे एका खोक्यात कार्ब्युरेटर, आरसा आणि साखळी घातली की तिन्हींचे कस्टम कोड वेगळे आणि आकारणीही तीनदा. टपालखर्च वाचावा म्हणून एकाच खोक्यात दहा तऱ्हेचे बारीकसारीक पार्ट कोंबायची आपली सवय या नियमात महागात पडेल. त्यापेक्षा एकाच प्रकारचा माल एकत्र पाठवणं बरं.

‘माल जुना आहे, मग कर कशाला’ हे वाक्य मी विकणाऱ्यांच्याही तोंडून ऐकलंय आणि घेणाऱ्यांच्याही. आयातीवरचा व्हॅट जुन्या मालालाही पूर्ण किमतीवर लागतो. युरोपातला दुकानदार जुन्या वस्तूच्या फक्त नफ्यावर व्हॅट भरू शकतो, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाला वाटतं की आपल्यालाही तीच सोय आहे. इथून टपालाने जाणाऱ्या पार्टला ती मिळत नाही.

हा व्हॅट भरायचे दोन मार्ग आहेत. ईबेसारख्या मोठ्या बाजारपेठेवरून विकलं तर १५० युरोपर्यंतच्या मालावर तीच खरेदीच्या वेळी व्हॅट घेते आणि आपल्याला एक आयओएसएस क्रमांक देते, म्हणजे व्हॅट आधीच घेतल्याची खूण. हा क्रमांक बुकिंग करताना संगणकातल्या त्याच्या रकान्यात गेला पाहिजे. खोक्यावर पेनाने लिहून उपयोग नाही, कारण तिकडे तो वाचलाच जात नाही. गिऱ्हाइकाने एकदा भरलेला व्हॅट दारात पुन्हा मागितला जातो, तो बहुतेक वेळा याच कारणाने. काउंटरवर गर्दी असते, समोरच्या कर्मचाऱ्याला हा रकाना रोज लागत नाही. म्हणून मी माहिती घरूनच ऑनलाइन भरतो आणि छापलेल्या कागदावर क्रमांक आलाय का ते बघूनच निघतो. दुसरा मार्ग व्हॉट्सॲपवर ठरलेल्या थेट सौद्याचा. तिथे क्रमांक नसतो. व्हॅट आणि वर टपाल कंपनीचं हाताळणी शुल्क गिऱ्हाइकाला पोचताना द्यावं लागतं. तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाचं नेमकं हेच झालं. आधी माहीत असतं तर त्याने भरलंही असतं.

युरोपबद्दल अजून एक सांगतो, कारण त्याने बऱ्याच जणांच्या जाहिराती उतरवल्या गेल्या. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू आहे. ग्राहकाला विकलेल्या वस्तूसाठी युनियनमध्ये पत्ता असलेली जबाबदार व्यक्ती किंवा संस्था हवी. जुन्या वस्तूही यात येतात. सूट आहे ती वापरण्याआधी दुरुस्त करावी लागेल असं स्पष्ट सांगून विकलेल्या वस्तूंना. आपला निम्मा माल खरोखर तसाच असतो: गंजलेली टाकी, खरवडलेला सिलिंडर, तुटक्या दातांचा गिअर. तो तसाच विका आणि जाहिरातीतही तसंच लिहा. पण स्वतः जेट बदलून, गॅस्केट घालून तयार केलेल्या कार्ब्युरेटरवर ‘दुरुस्तीसाठी’ लिहिणं खोटं आहे. ब्रेकसारख्या जीवावरच्या पार्टच्या बाबतीत तर माझा आग्रहच आहे की ही पळवाट वापरू नये.

इंग्लंडचं गणित १ जानेवारी २०२१ ला बदललं. १५ पौंडांची व्हॅटची सूट गेली. १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा २० टक्के व्हॅट सीमेवर न घेता विक्रीच्या वेळीच घ्यायचा, असं ठरलं. बाजारपेठेवरून विकलंत तर ती घेते आणि भरते. थेट विकलंत तर कायद्याने ती जबाबदारी विकणाऱ्यावर येते, तीही ब्रिटनमध्ये नोंदणी करून. महिन्याकाठी चार पार्ट पाठवणाऱ्याला हे झेपणारं नाही. म्हणून १३५ पौंडांच्या आतला माल इंग्लंडला पाठवायचा तर मी बाजारपेठेतूनच विकतो, तिचं कमिशन गेलं तरी.

याच तारखेने आपल्याकडची आणखी एक जुनी वाट बंद केली. लंडन-लेस्टरला कोणाची तरी मावशी किंवा चुलतभाऊ असतो. त्यांच्याकडे एक मोठं पार्सल पाठवायचं आणि तिथून त्यांनी जर्मनी-हॉलंडला सुटं करून पाठवायचं, हे ब्रिटन युनियनमध्ये असेपर्यंत ठीक होतं. आता लंडनहून बर्लिनला जाणारं पार्सल पुन्हा कस्टममधून जातं. दोन्हीकडे कर, आणि नात्यातल्या माणसाच्या नावावर कागद. घरच्यांना यात गुंतवू नका.

‘गिफ्ट’बद्दल माझं मत पक्कं आहे. गिफ्ट म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला, पैसे न घेता पाठवलेली वस्तू. अमेरिकेत १०० डॉलरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत खऱ्या भेटीला सूट आहे. पण ज्याच्या पैशांची नोंद बँकेत आहे, ज्याची जाहिरात ऑनलाइन दिसते आहे, त्या पार्टला गिफ्ट म्हणणं हे खोटं प्रतिज्ञापत्र आहे आणि त्यावर सही तुमची असते, गिऱ्हाइकाची नाही. पार्सल हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळत नाही. इंग्लंडच्या त्या गृहस्थाला सरळ कळवा की विकलेली वस्तू विकलेली म्हणूनच जाईल. ज्याला ते चालत नाही, त्याच्याशी व्यवहार न झालेला बरा.

किंमत लिहितानाही हेच. तुम्ही जुन्या बाजारात ३०० रुपयांना घेतलेला मॅग्नेटो ९० डॉलरला विकलात, तर त्याची किंमत ९० डॉलर. ‘भंगारभावाने’ काय पडला हे कोणी विचारत नाही. बँकेत येणारी रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळली पाहिजे. तिकडच्या कस्टमसाठी जुळली पाहिजेच, पण आपल्या परकीय चलनाच्या नियमांनुसारही निर्यातीचे पैसे त्या निर्यातीसमोर दाखवावे लागतात.

आता वर्णन. मी सगळ्यात जास्त वेळ इथे देतो. बहुतेक पार्सलं अडकतात तीही इथेच. ‘स्पेअर पार्ट्स’, ‘मोटर पार्ट’, ‘मेटल आयटम’ असं लिहिलेलं युरोपच्या यंत्रणेला चालत नाही. नुसतं ‘पार्ट्स’ लिहू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. वर्णनात चार गोष्टी याव्यात: वस्तू कोणती, कोणत्या प्रकारच्या वाहनाची, कशाची बनलेली आणि वापरलेली आहे की नवी. फॉर्मवर हे इंग्रजीत जाईल, पण त्याचा घाट असा ठेवा: ‘यूज्ड कार्ब्युरेटर फॉर मोटरसायकल, झिंक अलॉय, क्लीन्ड, नो फ्युएल’. किंवा ‘यूज्ड हँडलबार फॉर स्कूटर, स्टील, क्रोम प्लेटेड’. गाडीचं नाव आणि साल जाहिरातीत हवं, कस्टमला त्याचं फारसं कौतुक नसतं. ही ओळ एकदा नीट बसवली की वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच पार्ट आला की परत डोकं खाजवायला नको.

आणि एक शब्द कधीच लिहू नका: ‘स्क्रॅप’. कमी किमतीला शोभावं म्हणून लोक तो लिहितात. पण वापरलेला सुटा भाग आणि टाकाऊ भंगार हे कस्टमच्या लेखी वेगळे प्रकार आहेत. भंगार म्हटलं की कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियम लागतात, आणि मग तुमचं अडीच किलोचं खोकं अशा टेबलावर जातं जिथून ते सुटणं कठीण. जो पार्ट पुन्हा गाडीवर बसणार आहे तो ‘यूज्ड’ आहे.

वर्णनासोबत एचएस कोड लागतो, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, किमान सहा अंकी. माल जुना असला तरी कोड सहसा बदलत नाही. नाना पेठेतले कितीतरी जण दुचाकीच्या प्रत्येक पार्टला ८७१४.१० लावून मोकळे होतात. हा कोड मोटारसायकल-स्कूटरच्या भागांचा आहे खरा. हँडलबार, फोर्क, पेट्रोल टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, ब्रेक ड्रम, सीट हे त्यात बसतात. पण इंजिनाचे भाग, विजेचे भाग आणि मोजमापाची यंत्रं यांची घरं वेगळी आहेत. कार्ब्युरेटर, पिस्टन, सिलिंडर ८४०९.९१ मध्ये जातात. क्रँकशाफ्ट ८४८३.१० मध्ये. मॅग्नेटो, इग्निशन कॉइल, प्लग ८५११ मध्ये, हेडलाइट आणि हॉर्न ८५१२ मध्ये. स्पीडोमीटर ९०२९.२०, आरसा ७००९.१०, रोलर साखळी ७३१५.११, बॉल बेअरिंग ८४८२.१०, मोटारसायकलचा नवा टायर ४०११.४०, वापरलेला टायर मात्र ४०१२.२०. सायकलचे जुने पार्टही विकत असाल तर फ्रेम-फोर्क ८७१४.९१, ब्रेक ८७१४.९४, सीट ८७१४.९५, पेडल आणि क्रँक ८७१४.९६. युरोपात ८७१४.१० वर ३.७ टक्के ड्युटी आहे, ८४०९.९१ वर २.७. फरक किरकोळ वाटतो, पण वर्णनात कार्ब्युरेटर आणि कोड हँडलबारचा असं दिसलं की पार्सल बाजूला काढलं जातं, आणि खरा तोटा त्या थांबण्यात असतो.

ऑस्ट्रेलियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. पण लॅम्ब्रेटावाले तिथे भरपूर आहेत, म्हणजे आज ना उद्या तिकडून मागणी येईलच. कराची बाजू सोपी आहे: १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर १० टक्के जीएसटी मोठ्या बाजारपेठा विक्रीच्या वेळीच घेतात. अडचण आहे ती ॲस्बेस्टॉसची. ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे त्यावर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक शू, क्लच प्लेट, सिलिंडर हेडचे गॅस्केट याच कारणासाठी सीमेवर तपासले जातात. ब्रिटनमध्ये १९९९ पासून आणि युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून बंदी आहे. आपल्याकडच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस नाही हे प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय सांगता येत नाही. म्हणून जुनं लायनिंग असलेले ब्रेक शू, जुन्या क्लच प्लेट आणि जुने गॅस्केट मी कोणत्याच देशात पाठवत नाही. रिकामा ड्रम पाठवायचा असेल तर शू काढून टाका आणि आतली काळी धूळ ओल्या फडक्याने पुसा. ती हवेने फुंकू नका, कारण तिचा त्रास आधी तुमच्याच छातीला होईल.

तिथला दुसरा प्रश्न मातीचा. मडगार्डच्या आतल्या घडीत अडकलेला चिखल, फिनमध्ये बसलेलं गवताचं बी, टाकीखालचं कोळ्याचं जाळं, यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पार्सल अडवतात. तो जैविक धोका मानतात आणि साफसफाईचा खर्च वसूल करतात. गरम पाणी, ब्रश, मग केरोसिन, मग पुन्हा साबण, आणि पूर्ण वाळवणं. खोक्यात पेंढा किंवा भुसा भरू नका. लाकडी खोकं करायचंच झालं तर त्यावर प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, म्हणून मी जाड पुठ्ठ्याचंच दुहेरी खोकं वापरतो.

विमानाच्या सुरक्षेचे नियम जुनेच आहेत, पण तपासणी कडक झाली आहे. पेट्रोलचा वास येणारा पार्ट एक्स-रे काउंटरवरून परत येतो. कार्ब्युरेटर पूर्ण उघडा, फ्लोट चेंबर, जेट सगळं सुटं करून धुवा, दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवा. टाकी असेल तर आणखी जास्त दिवस, झाकण काढून. तुमचा परत आलेला कार्ब्युरेटर आधी नाकाला लावून बघा. कागद बरोबर असूनही तो या कारणाने परतला असू शकतो. बॅटरी, तेल भरलेले शॉकॲब्सॉर्बर, गॅसचे डॅम्पर पोस्टाने जात नाहीत. जुन्या ब्रिटिश मीटरच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. तो किरणोत्सारी आहे. असे मीटर उघडू नका, घासू नका आणि टपालात टाकू नका.

आता आपल्याकडचा कागद. विक्रीचा माल म्हणून नियमित पाठवायचं तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, घ्यावाच लागतो. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क आहे, पॅनवर मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तपशील पुन्हा निश्चित करावे लागतात, नाहीतर तो बंद पडतो. पोस्टाने निर्यातीसाठी डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत आणि २०२२ च्या नियमांपासून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरापर्यंत माणूस धाडावा लागायचा. आता घरी भरून जवळच्या केंद्रावर पार्सल देता येतं. निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य आहे, पण कर न भरता पाठवायचं तर नोंदणी आणि दरवर्षीचं एलयूटी (हमीपत्र) लागतं. यासाठी एकदा सीएकडे जाऊन बसा.

या बिलाचा खरा उपयोग पार्सल परत आल्यावर कळतो. निर्यातीचा पुरावा नसेल तर परत आलेला तुमचाच पार्ट बाहेरून आलेला माल समजून त्यावर आयात शुल्क मागितलं जाऊ शकतं. बिल, टपालाची पावती आणि पार्टचे फोटो एका पाकिटात ठेवा, म्हणजे ‘हाच तो’ हे दाखवता येतं.

क्रमांक असलेल्या मालाबाबत फार जपून राहा. चासी किंवा इंजिनाचा क्रमांक कोरलेली फ्रेम आणि क्रँककेस यांच्यामागे कुठली तरी नोंदणीकृत गाडी असते. आरसी, आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि खरेदीची पावती हाती नसेल तर मी असा पार्ट विकत घेत नाही, मग तो कितीही दुर्मिळ असो. कुर्ल्याच्या रस्त्यावर किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळालेल्या मालाचा इतिहास विकणाऱ्यालाही माहीत नसतो. चोरीच्या गाडीची क्रँककेस तुमच्या नावाच्या कस्टमच्या कागदावर परदेशी गेली, तर तो कागदच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो. आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाडीचा माल हाती आला, तर डीजीएफटीची निर्यात यादी बघितल्याशिवाय पाठवू नका. विंटेज मालावर निर्यातीचे निर्बंध असतात.

नवीन बनवलेला माल जुन्यात मिसळू नका. लुधियाना-दिल्लीकडून येणारे लॅम्ब्रेटाचे नवे बॅज, व्हेस्पाची नावं कोरलेल्या पट्ट्या यांवर ट्रेडमार्कचा प्रश्न येतो. असा एक बॅज खोक्यात सापडला की सोबतचा अस्सल मालही थांबतो.

खोक्याबद्दल थोडक्यात. दोन किलोपर्यंतच्या लहान पाकिटाची सेवा डाक खात्याने २०२६ पासून बंद केली. हँडलबार आणि सायलेन्सरसारख्या लांब मालाला पार्सल किंवा आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट लागतं. आटे असलेल्या टोकांवर रबरी नळीचा तुकडा चढवा. क्रोमला वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई आणि ओल दोन्ही डाग पाडतात.

तुमच्या तीन पार्सलांपैकी इंग्लंडचं आधी मिटवा. सौदा बाजारपेठेतून करायला सांगा, नाहीतर सोडून द्या. जर्मन गिऱ्हाइकाला पार्सल परतीच्या वाटेवर असतानाच लिहा: १९ टक्के व्हॅट, ड्युटी आणि हाताळणी शुल्क धरून त्याच्या दारात अंदाजे किती पडेल तो आकडा द्या, आणि पुन्हा हवं असेल तर बाजारपेठेतून नवी ऑर्डर टाकायला सांगा. निर्यात बिल केलं नसेल तर टपाल पावती, कस्टम फॉर्मची प्रत आणि पार्टचे फोटो शोधून ठेवा, परत घेताना लागतील. अमेरिकेच्या कार्ब्युरेटरच्या खोक्यावर परतीचं कारण चिकटवलेलं असेल, ते वाचा. ड्युटी न भरल्याचं असेल तर नव्याने बुक करावं लागेल. पार्ट पुन्हा उघडून वाळवा, पार्टवरचा शिक्का बघून उगम लिहा, कोड ८४०९.९१ टाका, त्या दिवसाचा ड्युटीचा दर निर्यात केंद्रावर विचारा आणि एकूण आकडा गिऱ्हाइकाला पाठवा. त्याचं ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलं की मगच खोक्याला टेप लावा.